रॉकवाला तांड्यावर आला!

"त्या गोऱ्याले असं भजन ऐकवतो, का गिटारच इसरून जाईन!" बाबूसिंगनं मिशीला पीळ दिला.

दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर त्याची भजनी मंडळी होती. होती म्हणजे, उरली होती! पोरं मोबाइलात बुडालेली. मृदंगावर बाबूसिंग, टाळावर बायको लालीबाई आणि ऐकायला सेवालाल महाराजांची तसबीर! अशात यवतमाळच्या एका कृष्णमंदिरातून फोन आला. जगभर गाजलेला इंग्लंडचा रॉक गायक ब्रेंडन पाईक कृष्णभक्तीला लागलाय. माहूरला जाता जाता तुमचं भजन ऐकायला थांबेल. पाईक हे आडनाव ऐकूनच लालीबाईनं हात जोडले.

"रॉकवाल्याले आवाज पाह्यजे!" म्हणत बाबूसिंगनं जब्बारचा डीजे बोलावला. देवळासमोर कपाटाएवढे स्पीकर उभे राहिले. जब्बारनं नुसतं 'हॅलो' म्हटलं, तर म्हशीनं दावं तोडलं!

"अवो, देवाले बहिरं करता का?" लालीबाई म्हणाली.

"तुले रॉकमधलं काय समजते!"

दुपारी गाडी आली. पुढच्या दारातून खांद्यापर्यंत केस, काळा गॉगल, काळं जाकीट उतरलं. एकच जल्लोष! बाबूसिंगनं हार घातला, फेटा बांधला, खुर्चीत बसवलं.

"काकाजी, मी अफरोज! वणीचा ड्रायव्हर हावो!"

"काय मराठी बोलते गा!" बाबूसिंगचे डोळे भरून आले.

"पण हा तं सावळा हाय," लालीबाई पुटपुटली.

"कृष्णाचं नाव घेऊन घेऊन झाला असंन!"

मागच्या दारातून एक धोतरवाला उतरला होता. डोक्यावरून उपरणं, पाय अनवाणी. मंदिरातला कोणी साधू असेल, म्हणून लालीबाईनं त्याच्या हाती टाळ दिले नि शेजारी बसवलं.

"होऊ दे जब्बारभाई!"

मृदंगावर पहिली थाप पडली आणि ढगफुटी झाली! अफरोजनं कान दाबले. लोक म्हणाले, भाव आला! दुसऱ्या थापेला फाट्‌! स्पीकरमधून धूर निघाला, अख्ख्या तांड्याची लाइट गेली.

बाबूसिंगचं तोंड एवढंसं झालं. संपलं! जगासमोर इज्जत गेली!

तेवढ्यात मागून टाळ वाजले. "हरे कृष्ण…" आवाज खर्जातला, उच्चार वाकडे, पण काळजात उतरणारे. साधूचं उपरणं घसरलं. टकलावर शेंडी, टोमॅटोसारखं लाल नाक, अर्धवट मिटलेल्या निळ्या डोळ्यांतून पाणी! हाच तो पाईक! लालीबाईनं सूर धरला. बाबूसिंगनं पुन्हा मृदंगावर थाप दिली. माइक बंद पडला होता, म्हणून पोरं सरकत सरकत जवळ आली, मांडी घालून बसली, टाळ्या वाजवू लागली. जब्बारही मेलेल्या स्पीकरवर ठेका देऊ लागला! ऊन उतरलं तरी कोणी उठेना.

"काका, शनिवारी बी हाय का भजन?" एका पोरानं विचारलं. बाबूसिंगनं जोरात मान डोलावली.

निघताना पाईकनं बाबूसिंगचे हात हातात घेतले आणि इंग्रजीत बरंच काही सांगितलं.

"काय म्हणून राह्यले?" बाबूसिंगनं अफरोजला विचारलं. "माहा मृदंग आवडला ना?"

"मृदंग आवडला, काकूचा आवाज आवडला…" अफरोज चाचरला. "पण सगळ्यात जास्त आवडलं म्हणते, लाइट गेली ते!"