फक्त वीस मिनिटं, नोकरीचं नाव न काढता

नोकरी मिळवायची असेल तर 'नोकरी' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, असं डेल्फीनबाईंनी सांगितलं तेव्हा आपल्याला कमी ऐकू यायला लागलंय की काय, अशी आर्नी लेहतोला शंका आली.

केटल रॅपिड्सची कागद गिरणी बंद पडून चार महिने झाले होते. आर्नीनं तिथे एकतीस वर्षं काढली होती. आता सत्तावन्नाव्या वर्षी तो रोजगार केंद्रातल्या छोट्या खुर्चीत गुडघे जुळवून बसला होता. समोरच्या अर्जात 'अंगी असलेली कौशल्यं' या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विशेष नाही.'

केंद्राच्या सल्लागार डेल्फीनबाईंनी तो अर्ज पालथा घातला. "हे बघा आर्नी, कितीतरी जागा जाहिरातीत येतच नाहीत. त्या माणसांच्या बोलण्यातून कळतात. म्हणून माणसांना भेटायचं. फक्त वीस मिनिटं मागायची. त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. स्वतःचं पुराण लावायचं नाही. निघताना एवढंच म्हणायचं, आणखी कुणाला भेटू?"

"आणि नोकरीचं कधी विचारायचं?"

"नाहीच विचारायचं. तो शब्द ऐकला की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो."

त्यांनी तिथल्या तिथे फोन फिरवून नगरपालिकेच्या पाणी विभागाच्या प्रमुखाशी, बोहदानशी, मंगळवारी साडेदहाची भेट ठरवून दिली. बोहदान फोनवर हो म्हणाला आणि साफ विसरला. मंगळवारी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. जमिनीखालच्या नळांची गळती कान लावून शोधणाऱ्या माणसाची एक जागा भरायची होती, साडेदहाला मुलाखती होत्या, आणि त्या घ्यायला जिल्हा कार्यालयातून येणाऱ्या लॉर्नाबाईंचा पत्ता नव्हता.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी आर्नी दारात उभा राहिला. लग्नकार्याला घालायचा कोट अंगावर, टोपी हातात.

"मी आर्नी लेहतो. साडेदहाचं ठरलं होतं. मला डेल्फीनबाईंनी…"

"पाठवलं ना कुणीतरी? बास झालं," बोहदान म्हणाला. "लॉर्ना नाही तर तुम्ही. या, बसा. आपल्याकडे वेळ कमी आहे."

लांब टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. एकीवर मिसेस प्रिंगल, पालिकेच्या कारकून, टाचणं काढायला सज्ज होत्या. मधली आर्नीला दिली. समोर पाण्याचा ग्लास, कोरे कागद, टोक केलेली पेन्सिल. आर्नी भारावून गेला. वीस मिनिटांच्या गप्पांसाठी या लोकांनी एवढी तयारी केली होती.

"मग सुरुवात तुम्हीच करा," बोहदान म्हणाला. "आम्ही नंतर विचारू. एकेकाला आत बोलावतो."

म्हणजे एकटा बोहदान नाही, सगळा विभागच आपल्याशी बोलणार! आर्नीनं मान डोलावली.

पहिला आत आला तो वेंडेल. पन्नाशीचा, गळ्यात टाय इतका आवळलेला की चेहरा बिटासारखा लाल. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि शिक्षेची वाट बघत असल्यासारखा आर्नीकडे बघत राहिला.

आर्नीला त्याची दया आली. त्यानं मृदू आवाजात विचारलं, "तुम्ही काय काम करता? सावकाश सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय."

वेंडेल गोंधळला. "शाळेची बस चालवायचो. अठरा वर्षं. पण त्याचा इथे काय…"

पाणी विभागात बस कशाला, असं आर्नीच्याही मनात आलं. पण नियम म्हणजे नियम. "बस चालवताना नेमकं काय करावं लागतं?"

"चालवायचं काय, चाकं फिरतात आपली. खरं काम आरशात असतं." वेंडेलनं टाय थोडा सैल केला. "त्रेचाळीस पोरं. पायरीवर पाऊल पडलं की न बघता सांगायचो कोण चढलं. आणि कसं चढलं तेही. ज्याच्या घरी रात्री भांडण झालंय, त्याचं पाऊल दुसऱ्या पायरीवर रेंगाळतं. तसल्या पोराला मी पुढच्या सीटवर घ्यायचो. काही विचारायचो नाही. फक्त माझ्या मागे बसू द्यायचो."

मिसेस प्रिंगलचं पेन थांबलं. आर्नीनं पेन्सिल खाली ठेवली. त्याची स्वतःची पोरगी चार वर्षं गावच्या बसनं गेली होती, आणि बस कोण चालवतं हे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"आणखी कुणाला भेटू?" वेंडेल निघताना आर्नीनं विचारलं. ओळखीची खातरजमा करताहेत असं समजून वेंडेलनं शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर लिहून दिला.

दुसरी आली जोलीन. तिशीची, रुंद खांद्यांची, उत्तरेकडच्या वस्तीतली. गोठलेल्या तळ्यांवरून दर हिवाळ्यात ट्रकांसाठी रस्ता आखायचा, हे तिचं काम. ट्रक यायच्या आधी बर्फावरून पायी चालत जाणारं पहिलं माणूस म्हणजे ती.

"भीती नाही वाटत?" आर्नीनं विचारलं.

"वाटते की. वाटलीच पाहिजे." जोलीन खुर्चीत मागे रेलली. "भोकं पाडून जाडी मोजतो आम्ही. पण दोन भोकांच्या मधे काय आहे ते कानानंच कळतं. बर्फ बोलतो. जाड असेल तर आवाज पोटातून येतो, ढोलासारखा. पातळ व्हायला लागला की आवाज चढतो, ताणलेल्या तारेला टिचकी मारावी तसा. माझी आजी शंभर पावलांवरून ओळखायची. मला चाळीस पावलांवरून येतं."

"चाळीस पावलं," आर्नी हळूच म्हणाला.

"सात हिवाळे झाले. माझ्या रस्त्यावर एकही ट्रक बर्फाखाली गेला नाही."

बोहदानच्या हातातल्या यादीवर प्रश्न होते, वाहन परवाना आहे का, शनिवारी येता येईल का. त्यानं यादी बाजूला सरकवली आणि पुढे वाकला. तिसरा उमेदवार लाकूडतोड्यांच्या तळावरचा आचारी होता. सत्तर माणसांपैकी कोण आजारी पडणार हे तो ताटात उरलेल्या अन्नावरून आदल्या दिवशीच ओळखायचा. वीसची चाळीस मिनिटं झाली तरी त्याला कुणी थांबवलं नाही.

तो गेल्यावर आर्नीनं खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. "तुमच्या विभागात काय एकेक माणसं आहेत हो," तो म्हणाला.

"आहेत कुठली, त्यातला एक घ्यायचाय," बोहदान म्हणाला. "बोला, दहापैकी किती देता?"

"कशाचे?"

"गुण."

"सगळ्यांना दहा."

"अहो, जागा एक आहे. नोकरी तिघांना कशी देणार?"

तो शब्द ऐकताच आर्नी दचकला. त्यानं बोहदानकडे पाहिलं, कोऱ्या कागदांकडे पाहिलं, आणि आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलोय हे त्याच्या ध्यानात आलं. तो उठून उभा राहिला.

"माझी काहीतरी मोठी चूक झालीये. मी बेकार आहे."

बोहदाननं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मिसेस प्रिंगलनी ऐकून घेतलं, खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "लॉर्नाबाई येणार नाहीत. त्या आज दुसऱ्या गावी गेल्यात. स्वतःच्या मुलाखतीला."

बोहदाननं डोळे उघडले.

"गिरणीत काय करायचात?" शेवटी बोहदाननं विचारलं.

"काही नाही. कागदाच्या गुंडाळ्यांवर लाकडी दांडका आपटायचो. आवाजावरून कळतं आत कुठे सैल बसलाय ते."

"आवाजावरून," बोहदान म्हणाला. "आणि या जागेसाठी तुम्ही अर्ज नाही केलात?"

"जाहिरातीत लिहिलं होतं, पाण्याच्या कामाचा अनुभव हवा." आर्नीनं टोपी उचलली. "आता करणारही नाही. जोलीनला द्या. मी ऐकलंय तिचं."

नियमानुसार दोन सदस्य पुरेसे असतात, असं मिसेस प्रिंगलनी पुस्तक काढून दाखवलं, आणि आर्नीच्या नावापुढे 'निरीक्षक' लिहून प्रश्न मिटवला. जागा जोलीनला मिळाली.

घरी त्याची बायको मर्ना दारातच उभी होती. "काय रे, मिळाली का नोकरी?"

"दिली," आर्नी म्हणाला, आणि कोट काढत तिला सगळं सांगत बसला. मर्नानं सूप दोनदा गरम केलं. शेवटी ती म्हणाली, "तू एकतीस वर्षांत एवढं बोलला नाहीस."

गुरुवारी जिल्हा कार्यालयातून फोन आला. लॉर्नाबाईंना नवी नोकरी मिळाली होती. त्यांच्या जागी कायमचा माणूस मिळेपर्यंत सहा महिने कुणीतरी मुलाखती घ्यायला हवं होतं, आणि बोहदाननं एकच नाव सांगितलं होतं.

सोमवारी आर्नी गेला तेव्हा लॉर्नाबाई खोक्यात सामान भरत होत्या. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केटल रॅपिड्सहून तीन पत्रं आलीत. तिन्ही आभाराची. त्यातली दोन, ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांची. एकोणीस वर्षांत मला असं एकही पत्र आलं नाही. तुम्ही त्यांना विचारलंत तरी काय?"

"काय काम करता, एवढंच."

लॉर्नाबाई हसल्या. मग हसू ओसरलं. हातातली फुलदाणी त्यांनी खोक्यात न ठेवता टेबलावर ठेवली, दाराकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. टेबलाला वळसा घालून त्या पलीकडच्या, उमेदवाराच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्या बाजूनं ती खोली त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

"तुम्हाला घाई नाही ना?" त्या म्हणाल्या.

आर्नीनं टोपी खिळ्याला अडकवली आणि समोर बसला. "अजिबात नाही. सावकाश सांगा."