रशीदचाचांच्या दाराचं भोक

छावणीतल्या आमच्या गल्लीत भर बाराला रशीदचाचांच्या दारावरून जायचं म्हणजे शिक्षाच. चाचा बाहेर उभेच असायचे. "रुको, रुको! जरा इकडं, उन्हात या. हां. आता सावकाश चला." भाजीचा गाडा असो की दूधवाला, कुणाचीच सुटका नाही. फुलंब्रीहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना तर त्यांनी तीनदा फिरवलं, का तर त्यांचा फेटा लालभडक होता. सासरे अजून मला विचारतात, तुमच्याकडं पाहुण्यांची तपासणी करतात का?

चाचा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मेणबत्ती पेटवायची, भोकं पाडलेले तीन पुठ्ठे एका रेषेत मांडायचे आणि मास्तरांनी शिकवायचं, असं तीसेक वर्षं चाललं. मास्तर शिकवून मोकळे झाले, पण चाचांच्या डोक्यात ते कायमचं बसलं. "उजेड सीधा जाता बेटा, मुडना उसको आता नाय," हे वाक्य ते नळाला पाणी कधी येणार इथपासून निवडणुकीपर्यंत कुठंही लावत.

त्यांच्या दाराला मधोमध हरभऱ्याएवढं भोक होतं. बाकी घर दिवसा गच्च बंद, खिडक्यांना काळे पडदे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, यावर गल्लीचं एकमत होतं.

गेल्या दिवाळीआधी माझ्याकडं रंगारी आला. पुट्टी उरली. चाचा बाजारात गेले होते, तेवढ्यात मी शेजारधर्म म्हणून ते भोक बुजवून घेतलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

चाचा आले ते हातात खिळा घेऊन.

"क्या किया रे तूने? उसकी गल्ली बंद कर दी!"

"कुणाची गल्ली?"

तेव्हा कळलं. चाची दोन वर्षांपासून खाटेला खिळून आहेत, हे ठाऊक होतं. भेटायला गेलं की चाचा दारातूनच परत पाठवायचे. पण बाहेरचा उजेड त्या भोकातून सरळ आत जातो आणि चाचींसमोरच्या भिंतीवर अख्खी गल्ली उमटते, हे कुणाला माहीत? डोक्याकडचा उजेड भोकातून खाली जातो, पायाकडचा वर. म्हणून आम्ही सगळे उलटे, पण रंगासकट, चालतेफिरते.

"मग खाटच दारात आणा ना," मी अक्कल पाजळली.

"नक्को बोलती. ईदला किती नटून फिरायची ती! अब बोलती, मैं सबको देखूंगी, पर इस हालत में मुझे कोई ना देखे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुट्टी ओलीच होती. चाचांच्या हातातला खिळा घेऊन मी भोक मोकळं केलं. चाचा आत धावले, दार लागलं. मी कुणी न सांगता उन्हात जाऊन उभा राहिलो. मग सावकाश चालून दाखवलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

आत काहीतरी कुजबुज झाली. आणि बंद दारामागून दोन वर्षांनी चाचींचा आवाज आला.

"काय रे दिलीप, गुडघा दुखतोय व्हय? पाय ओढत चाललास."

सहा महिने दुखत होता. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"नाय चाची," मी खोटं बोललो आणि आणखी एक फेरी मारली, दोन्ही पाय नीट टाकत.