पानाच्या तबकातली गोळी

तारकर्लीत आमच्या शेजारच्या बाबलकाकांकडे जेवलात, की पानाचं तबक पुढे यायचं. त्यात पान, सुपारी, चुना, कात आणि माणशी एक चिमुकली पांढरी गोळी. ॲस्पिरिनची. पान नाकारलं तर चालायचं. गोळी नाकारली की काका रुसायचे.

"रगात कसा सोलकढीसारख्या होया," ते समजावत. "कुळथाच्या पिठयेसारख्या घट झाला काय कारभार आटापलो!"

काका मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी ही गोळी रोज जेवणानंतर घ्यायला सांगितली. काकांनी त्यातून आपलं शास्त्र काढलं. आजारी माणसाला जी तारते, ती धडधाकटाला अमृतच! नारळ पाडायला आलेला गडी असो की पोस्टमन, कुणी सुटलं नाही. माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांपुढेही ते तबक आलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी स्वतः गोळी गालात धरायचो आणि घरी येऊन जास्वंदीखाली थुंकायचो. तोंडावर नको म्हणायची भीड पडायची.

काकांचा बालमित्र धोंडू मात्र भाबडा. तो रोज दुपारी पानाला यायचा आणि गोळी भक्तिभावाने गिळायचा. गुडघेदुखीच्या गोळ्या तो घरी खायचाच. एके सकाळी त्याला डांबरासारखं काळं शौचाला झालं आणि तो माडाखाली घेरी येऊन पडला. मालवणला नेऊन रक्त चढवावं लागलं.

"ही रोजची ॲस्पिरिन ह्यांना कुणी दिली?" धोंडूची हकिगत ऐकून डॉक्टरांनी विचारलं. आम्ही सगळे काकांकडे बघू लागलो. काका आपल्या चपलांकडे.

"स्टेंटवाल्याची ती राखण करते," डॉक्टर म्हणाले. "ज्याला हृदयाचं काही झालेलंच नाही, त्याला फायद्यापेक्षा पोटातून रक्त जाण्याचा धोकाच जड. त्यात ह्या गुडघ्याच्या गोळ्या! विचारल्याशिवाय सुरू करायची नाही आणि विचारल्याशिवाय बंदही करायची नाही."

शेवटचं वाक्य काकांच्या कानात शिरलंच नाही. ते भर उन्हात छत्री तोंडापुढे धरून खाडीकाठाने फिरू लागले. कुणी समोर आलं की वाट सोडून माडांत शिरत. तबक फळीवर पालथं पडलं.

मग एकदा काकी डोळे पुसत आमच्याकडे आल्या. "ह्यांनी सोताची गोळी बंद केल्यानी. 'ह्या हातान धोंडूक मारूक निघालंय, ह्यो हात परत त्या गोळयेक लावचंय नाय,' असा देवाक गाराणा घातल्यानी."

मी धावत गेलो, डॉक्टरांना फोन लावला. "आजच्या आज सुरू करा, उद्या दाखवायला आणा. स्टेंट बंद पडला तर जीव जाईल," ते ओरडले. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"माका लाज वाटता रे. देवाक सांगान सोडलंय, आता खयच्या तोंडान घेव?"

देवापुढे डॉक्टरांचं काय चालणार? मी तडक धोंडूकडे गेलो. तो कालच घरी आला होता, कागदासारखा पांढरा. सगळं ऐकून त्याने काठी उचलली. त्याला बघताच काका आत पळू लागले, पण धोंडूने ओट्यावरूनच हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाबलान गोळयेक हात लावचंय नाय असा तुका सांगल्यान. तेचो शब्द राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि काकींनी साथ दिली.

"पण माज्या हाताचा तेणी काय सांगूक नाय. तर माज्या हातान तेका गोळी खावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाच्या कायद्यात पळवाट सापडली. काकींनी तबक सुलटं केलं आणि गोळी आणून ठेवली. धोंडूने ती उचलली. काका मान वर करीनात.

"धोंडू, माका वाटला... तुमी सगळे माज्याआदी गेल्यात तर पानाक कोण येतलो?"

एवढ्यासाठी हा माणूस गावभर गोळ्या वाटत होता, आणि मी त्या जास्वंदीला घालत होतो. मला काकांकडे बघवेना.

"मी येतंय ना रे रोज," धोंडू म्हणाला. "आता तोंड उघड."