वटवाघळाचा शिक्का

तुम्हाला सांगतो, शिक्का हा माझा प्रांत आहे! बावीस वर्षं मी कचेरीत कागदपत्रं तपासायच्या विभागात काढली आहेत. समोर कागद ठेवा, मी नुसती नजर टाकतो आणि सांगतो, शिक्का खरा की खोटा, सावकाश मारलाय की घाईत, मारणाऱ्याचं जेवण झालं होतं की व्हायचं होतं! आमचे साहेबसुद्धा अडलं की मलाच बोलावतात. मी भिंग काढतो, मिशीच्या दोन्ही टोकांना एकेक पीळ देतो आणि निकाल सांगून मोकळा होतो. त्यामुळे आमच्या घरात लेटरबॉक्सिंग शिरलं तेव्हा मी म्हटलं, हा छंद कुणीतरी माझी मापं घेऊनच शिवलाय.

आता हे लेटरबॉक्सिंग म्हणजे काय, ते सांगतो. छंदी लोकांचं एक मंडळ असतं. त्यातला कुणीतरी बागेत, टेकडीवर, कुठेतरी उघड्यावर एक डबी लपवतो. डबीत एक वही आणि हातानं कोरलेला एक रबरी शिक्का. डबी कुठे आहे त्याच्या खुणा दर गुरुवारी वाचनालयाच्या फळ्यावर लागतात. आपण सहकुटुंब हिंडायचं, डबी शोधायची, तिच्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला शिक्का तिच्या वहीत मारायचा आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. जो सगळ्यात आधी पोचेल त्याच्यासाठी आत एक रंगवलेलं कार्ड असतं, ‘पहिला शोध’ असं लिहिलेलं.

हे सगळं मला सांगितलं भाऊसाहेबांनी. हे आमच्या विभागातले दुसरे कारकून. विभागात माणसं दोनच, मी आणि ते.

पहिल्या फेरीबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. ‘पाण्याच्या टाकीपासून उगवतीकडे चाळीस पावलं’ अशी खूण होती. बायको म्हणाली, “अहो, उगवती इकडे.” मी म्हणालो, “मला शिकवू नकोस!” आणि चाळीस पावलं चाललो. मग आणखी चाळीस. तीन तासांनी आम्ही कुणाच्या तरी परसात निघालो. तिथे कुत्रं होतं. परत आलो तर टाकीपाशी एक आजीबाई डबी उघडून आरामात शिक्का मारत बसल्या होत्या! घरी आल्यावर मी चार दिवस कुणाशी बोललो नाही, पण ते घसा बसला होता म्हणून.

दुसऱ्या फेरीपासून मात्र मला जी काही नजर आली म्हणता! दर रविवारी वीस मिनिटांत डबी हातात. वाट फुटायची तिथे मी क्षणभर थांबायचो, मिशीला पीळ द्यायचो. मागून लेक म्हणायची, “बाबा, त्या फरशीकडे बघायचं का?” मी म्हणायचो, “तेच म्हणणार होतो!” आणि डबी तिथेच! सहा रविवार, सहा डब्या. बायको म्हणायची, “बाई बाई, काय तुमची नजर!” मी म्हणायचो, “अनुभव.”

पण प्रत्येक वहीत, आमच्या शिक्क्याच्या वर, पहिल्या पानावर, तो असायचा. वटवाघूळ! पंख पसरलेलं वटवाघूळ, मध्ये जाड, टोकं वर वळलेली. शाई हिरवी. तारीख दर वेळी शुक्रवारची. आणि ‘पहिला शोध’चं कार्ड गायब!

एकदा चाललं, दोनदा चाललं. सहाव्यांदा माझं डोकंच फिरलं. आमची लेक चौथीत आहे. मी तिला शब्द दिला होता की तिच्या वहीत मी एक तरी ‘पहिला शोध’ चिकटवून देणार. तिनं त्यासाठी पान कोरं ठेवलं होतं. आता बापाचा शब्द म्हणजे काय फळ्यावरचा खडू आहे?

“जाऊ दे ना बाबा,” ती म्हणाली. “दुसरं आलं तरी चालतं.”

“चालत नाही!” मी म्हणालो. “कुणीतरी नाकावर टिच्चून आपल्या पुढे जातंय. मी त्याला हुडकून काढणार.”

माय-लेकींनी एकमेकींकडे बघितलं. माझा अभिमान वाटला असणार.

मी भिंग घेऊन बसलो. पहिली गोष्ट, शाई. ही हिरवी शाई मी बाटलीतून ओळखतो. आमच्या कचेरीत ती फक्त आमच्या विभागाला मिळते. आता विभागात माणसं दोन. एक मी. मला मी वगळलं. उरला कोण? माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसरी गोष्ट, शुक्रवार. भाऊसाहेब गेले दोन महिने दर शुक्रवारी दुपारी लवकर सटकतात. कारण काय, तर दातांच्या डॉक्टरकडे जायचंय! मी विचारतो, एका माणसाला दात असतात तरी किती? तिसरी गोष्ट, माझ्या खणातलं मोठं खोडरबर दोन महिन्यांपूर्वी नाहीसं झालं होतं, आणि शिक्के कशावर कोरतात? खोडरबरावर! ते मीच घरी नेलं होतं असं बायकोचं म्हणणं, पण बायकांचं काय मनावर घ्यायचं.

सोमवारी मी वहीवरून उतरवून घेतलेला तो शिक्का भाऊसाहेबांच्या पुढ्यात आपटला.

“ओळखता?”

त्यांनी शिक्क्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा शिक्क्याकडे. आणि तो गृहस्थ हसायला लागला! असा हसला की चष्मा टेबलाखाली गेला!

“हे तुम्हाला कुणी दिलं?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“ते तुम्हीच सांगायचं!”

“मी काही सांगत नाही बुवा,” असं म्हणून ते कागद घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले. आतून दोघांचं हसू ऐकू आलं. मग साहेब काहीही काम नसताना बाहेर आले, माझ्याकडे नीट बघितलं आणि तोंडावर रुमाल धरून आत गेले. दुपारपर्यंत शिपाई, टंकलेखक बाई, लेखा विभागातले चौघं, सगळे माझ्या टेबलावरून एकेक चक्कर मारून गेले. माझ्या लक्षात आलं, भाऊसाहेब एकटे नाहीत. अख्खी कचेरी सामील आहे!

मी त्याच संध्याकाळी तक्रार लिहिली. तीन पानी! वटवाघूळ म्हणवणाऱ्या इसमानं कचेरीची शाई वापरून, कामाच्या वेळेत, लहान मुलांचा हक्क हिरावला आहे, तरी त्याला मंडळातून कायमचं काढून टाकावं. वाचनालयाच्या बाई मंडळाच्या चिटणीस आहेत. त्यांनी तीनही पानं वाचली, सोबतचं चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकल्या.

“नक्की देताय तक्रार?” वर आल्यावर त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. माझ्या भाषेचा परिणाम!

“नक्की!”

“घरी विचारलंत का?”

“घरचा पूर्ण पाठिंबा आहे!”

“मग शनिवारच्या सभेत वाचावी लागेल,” त्या म्हणाल्या. “पुन्हा विचार करा हं.”

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. बायकोचा हात ताटातच थांबला. लेक म्हणाली, “बाबा, काढलं म्हणजे परत कधीच यायचं नाही?”

“कधीच नाही! सगळ्यांसमोर नाव वाचणार आणि हाकलणार!”

ती अर्ध्या जेवणावरून उठली. बघा, पोरीचा त्या बदमाशावर केवढा राग! बायको म्हणाली, “अहो, ती तक्रार मागे घ्या. माझं ऐका एकदा.” मी म्हणालो, “तू फार भोळी आहेस.”

आता फक्त रंगेहाथ पकडायचं राहिलं होतं. गुरुवारी फळ्यावर नव्या खुणा लागल्या. बाग, पंपघर, त्याच्या मागचा तिसरा बाक, पायाशी सैल वीट. शुक्रवारी दुपारी मी साहेबांना सांगितलं, दात दुखतोय. साहेब म्हणाले, “तुमचाही?” मी थेट बागेत गेलो, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि बाकामागच्या झुडपात जाऊन बसलो.

एक तास काही झालं नाही. मुंग्या झाल्या. मग झाडांना पाणी सोडायची वेळ झाली. झुडपाच्या बरोबर मध्ये नळी होती, तिचं भोक माझ्या मानेकडे होतं. पण मी हललो नाही! पाळत म्हणजे पाळत. एवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर धरली.

“ओ मिशीवाले! या बाहेर!”

बागेचा रखवालदार होता.

“हळू बोला!” मी कुजबुजलो. “मी पाळत ठेवलीय.”

“पाळत मी ठेवलीय, तासभर, तुमच्यावर! दुर्बीण घेऊन झुडपात? बघता काय? चला चौकीत.”

“अहो, मी एका वटवाघळाच्या मागावर आहे!”

त्याची पकड घट्ट झाली. मी घाईघाईनं खिशातला कागद काढला. “हे बघा! हा शिक्का! या इसमाला धरायचंय!”

रखवालदारानं ओला कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“हे वटवाघूळ?” तो म्हणाला. “अहो, ही तुमची मिशी आहे की! हे बघा, मध्ये नाकाची खाच पण काढलीय. पाण्यानं टोकं तेवढी खाली आलीत तुमची, पण मिशी हीच.”

मी कागद आडवा धरला, उभा धरला. भिंग काढलं. मिशी होती! माझीच! बावीस वर्षं आरशात बघतोय मी तिला! म्हणजे तो भाऊसाहेब नुसता पुढे जात नव्हता, माझ्या मिशीची टिंगल करत गावभर शिक्के मारत होता! चौथं पान लिहायलाच हवं होतं.

तेवढ्यात पायवाटेवरून आवाज आला. ओळखीचा. रखवालदारानं मला खाली दाबलं, की मी त्याला दाबलं, कोण जाणे, पण आम्ही दोघंही झुडपात बसलो.

शाळेचा गणवेश. पाठीवर दप्तर. मागे तिची आई. शुक्रवारी दोघींची शाळा लवकर सुटते; बायको त्याच शाळेत शिकवते. मला वाटलं, मला मदत करायला आल्या! मग लेकीनं सरळ जाऊन ती वीट उचलली. डबी उघडली. दप्तरातल्या पेन्सिलच्या डब्यातून हिरवं शाईचं पॅड काढलं, माझं जुनं, आणि माझ्या खोडरबराचा अर्धा तुकडा. आणि सहा कार्डं. सहाच्या सहा ‘पहिला शोध’!

“आई, आज शिक्का नको मारायला,” ती म्हणाली. “ही सहा पण यातच ठेवते. बाबा रविवारी पहिले येऊ देत. नाहीतर मला सगळ्यांसमोर काढतील.”

बायको म्हणाली, “मी आज सांगते बाबांना.”

“नको! ते पुन्हा चार दिवस बोलणार नाहीत.”

रखवालदारानं माझ्याकडे बघितलं. त्यानं कॉलर सोडली.

मी झुडपातून उठलो. दोघी किंचाळल्या. मी आपादमस्तक निथळत होतो, आणि खरं सांगू, त्यामुळे एक सोय झाली, डोळ्यांतलं पाणी वेगळं दिसलं नाही.

“म्हणजे दर शुक्रवारी तुम्ही दोघी...”

“आधी डबी शोधून ठेवायचो,” बायको म्हणाली. “म्हणजे रविवारी तुम्हाला सापडायची. त्या टाकीच्या वेळचं तुमचं तोंड पोर विसरलेली नाही.”

“मग शिक्का तरी कशाला मारायचा?”

“नियम आहे ना बाबा,” लेक म्हणाली. “सापडली की मारायचाच. तुम्हीच सांगितलंय. मग तुमचीच मिशी कोरली. मला वाटलं, तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही शिक्केच ओळखता ना?”

मी तिला म्हटलं, “मार शिक्का. नियम म्हणजे नियम.” तिनं मारला. रखवालदारानं वाकून बघितलं आणि म्हणाला, “उत्तम आलाय.” सातवं कार्ड तिच्या हातात होतं तेव्हा मी घड्याळ बघितलं. वाचनालय सहाला बंद होतं आणि सभा उद्या!

तिघंही पळालो. माझ्या बुटांतून पाणी उडत होतं. बाईंनी दाराला कुलूप लावायला घेतलं होतं. मी धापा टाकत म्हणालो, “तक्रार! परत द्या!”

“घरी विचारलंत वाटतं,” बाई म्हणाल्या आणि पर्समधून तीन पानं काढली. “मी काही वाचणार नव्हते. पण मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून द्या, खाली शिक्का मारा.”

माझा शिक्का घरी होता. मी हात पुढे केला. लेकीनं तिचा दिला. बावीस वर्षांत मी स्वतःच्या मिशीनं कागद मंजूर केला तो तेवढा एकच.

सोमवारी भाऊसाहेबांची माफी मागितली. ते मनापासून हसले. नवी कवळी बसवली होती, दोन महिने दर शुक्रवारी तिचंच काम चाललं होतं. आमच्या टेबलाजवळ तेव्हाही बरेच लोक काम नसताना उभे होते.

घरी ठरलं, आता शुक्रवारी कुणी जायचं नाही. रविवारी तिघांनी मिळून जायचं, खुणा मी वाचायच्या, आणि कुणी काही सुचवायचं नाही! पुढच्या रविवारी टेकडीवर गेलो. वाटेला दोन फाटे फुटले. मी थांबलो, मिशीला पीळ दिला आणि आत्मविश्वासानं उजवीकडे वळलो. मागे लेकीला खोकला आला. मी डावीकडे वळलो. खोकला थांबला.

मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी कुणी जायचं नव्हतं ना? मग हिला कसं कळलं? दहा मिनिटांत डबी सापडली. वही उघडली. पहिल्या पानावर हिरव्या शाईत ती होतीच. फक्त या वेळी मिशीखाली एक फुगलेलं तोंडही कोरलं होतं, अगदी हुबेहूब.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी भिंग काढलं, बराच वेळ नीट तपासलं आणि निकाल दिला.

“वटवाघूळ!” मी म्हणालो. “पुन्हा आपल्या आधी येऊन गेलंय लेकाचं!”