माणिकमामांचा टेस्टर

आमच्या ताडकळसचे नळवाले माणिकमामा नळाला हात लावण्याआधी टेस्टर लावतात. "थांबा, आधी लाईटीला इचारू द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टेस्टरचा दिवा लागो न लागो, घराचा मेन फ्यूज काढून खिशात टाकतात आणि मगच पाना हातात घेतात. एकदा कुणाच्या तरी न्हाणीघरात गिझरचा करंट नळात उतरला होता आणि मामा थेट दारात जाऊन पडले होते. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच नळावर विश्वास नाही.

एकदा आमच्या नळाचा वायसर आणायला म्हणून गेले ते आठवडी बाजारात रमले. फ्यूज त्यांच्या खिशात, आम्ही घरात घामाघूम. मिरच्यांची पिशवी घेऊन आले तेव्हा मी चांगलाच तडकलो. मामा शांतपणे म्हणाले, "पंखा बंद हाय, पन मी जित्ता हाय ना!"

पण पालमला त्यांच्या लेकीच्या, सुवर्णाच्या लग्नात कमालच झाली. मामी गेल्यापासून घरात ही बापलेकच. लग्न मुलाच्या दारात होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि मुलीचा बाप गायब! सापडले ते व्याह्यांच्या न्हाणीघरात. डोक्याला फेटा, नळाला टेस्टर आणि टेस्टरचा दिवा लागलेला.

"आमाला तर कवा काई झालं न्हाई," व्याही गुरकावले.

सकाळपासून सगळ्यांपुढे हात जोडणारे मामा आता हटेनात. मेन फ्यूज खिशात गेला, मांडवातले पंखे थांबले, स्पीकर मुका झाला. "वायर नीट झाल्याबिगर माझी लेक उंबरा वलांडनार न्हाई." व्याही रुसून बसतात की काय, म्हणून मीच त्यांना लग्नपत्रिकेनं वारा घालू लागलो. शेवटी नवरदेव मुंडावळ्यांसकट मोटारसायकलवर बसला आणि वायरमनला घेऊन आला. मामांनी पुन्हा टेस्टर लावला, दिवा लागला नाही, तेव्हा कुठे जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

काल सकाळी आमचा नळ गळायला लागला. मामांनी येऊन सवयीनं खिशाला हात लावला. टेस्टर नव्हता.

"सुवर्णीला देऊन टाकला," ते म्हणाले. "रोज सकाळी नळाला लावती अन् मला फोन करती."

त्यांनी आमचा फ्यूज काढून खिशात टाकला, तेवढ्यात फोन वाजला.

"लागला का दिवा? न्हाई ना? बरं..." मामा घुटमळले. आता लेक फोन ठेवणार, हे मलाही कळलं. पंखा बंद होता, तरी मी मामांकडे खुर्ची सरकवली.

"असं कर," मामा म्हणाले, "आता अंगनातल्या नळाला लावून बघ. सावकाश जा. मी हाय फोनवर."