सांगून तरी जायचें

आमच्या शेजारचे माधवराव कॉम्प्युटरवर रागावतात, ते प्रोग्राम बंद पडला म्हणून नव्हे, तो न सांगता गेला म्हणून.

चेन्नईतल्या पेरुंगुडीत आमची दारं समोरासमोर. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला. ते पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे, गणिताचे निवृत्त मास्तर. पहिल्या भेटीत त्यांच्या मराठीला मी हसलो आणि माझ्या मराठीला ते. मी त्यांना काका म्हणतो, ते मला तम्बी, म्हणजे धाकटा भाऊ.

यंदा त्यांनी कंटेनर शिकायचं मनावर घेतलं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, की तो कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच चालतो. काकांनी घरातल्या मराठी शब्दांचा कोश केला होता, पण तो फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर चाले. त्यांना तो कोइमतूरला शिकणाऱ्या नातीकडे पोचवायचा होता. शालिनी तमिळ बोलते, इंग्रजी बोलते, मराठी बोलायला लाजते. तिने हे शब्द घेतले नाहीत तर त्या घरात ते बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

सरावाचा पहिला डबा मी चालवून दाखवला. त्याने पडद्यावर नमस्कार केला आणि थांबला.

"हें काय तम्बी? आला, नमस्कार केला, गेला?"

"काम संपलं की कंटेनर थांबतो, काका."

"थांबूं दे. सांगून तरी जायचें."

आठवडाभर हेच. मी पाणी प्यायला समोर माझ्या घरी निघालो तरी मला 'जाऊन येतों' म्हणायला लावत. मी वैतागून म्हणायचो.

कोशाचा डबा मात्र चालू झाला तो थांबेचना.

"हा कां जात नाहीं?"

"कुणीतरी शब्द विचारील म्हणून वाट बघत बसलाय."

मी कोश उघडला. वर्णक्रम सोडून पहिलीच नोंद होती, 'जाऊन येतों'. पुढे अर्थ: 'निघतांना म्हणायचें. स्वयंपाकघरांत जातांना देखील ती म्हणे.' काकू दोन वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेतच गेल्या. मला माझ्या वैतागाची लाज वाटली.

रविवारी शालिनीचा फोन आला. डबा तिच्या लॅपटॉपवर चालला होता. बराच वेळ ती तमिळमध्ये बोलत होती आणि काका "सरि, सरि" म्हणत होकार भरत होते. शेवटी ती अडखळली.

"आजा, जाऊन येतें."

"बरें. ये," काका म्हणाले. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"ऐकलास, तम्बी? सांगून गेली."