सुभेदार मोहिते आणि मोटरचा सांगाडा

सुभेदार मोहिते छत्री घ्यायला निघाले की पाण्याची बाटली बरोबर नेतात. दुकानात छत्री उघडायची, दुकानदाराच्या हातात द्यायची, त्याला तिच्याखाली उभं करायचं आणि वरून पाणी ओतायचं. जयपुरात लोक छत्री उन्हासाठी घेतात. पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो. दुकानदाराचा खांदा भिजला तर सुभेदार एकच शब्द बोलतात, "रिजेक्ट." खांदा कोरडा राहिला तर तेवढंही बोलत नाहीत. पैसे देतात आणि चालू लागतात.

त्यांची सगळी नोकरी फौजेच्या भांडारात माल तपासण्यात गेली. बूट, तंबू, दोर, पाण्याचे डबे. शेवटची बदली जयपूरला झाली, आणि साताऱ्याकडे परत जाण्याऐवजी ते प्रताप नगरातच राहिले. फौज सुटली, तपासणी सुटली नाही. बादली घेतली की पालथी घालून तिच्यावर उभे राहणार. काड्यापेटी घेतली की दुकानातच तीन काड्या ओढणार. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाआधी गॅसचा सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवायला लावला. तो पास झाला. आता दोघं नाशिकला सुखात आहेत.

मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. नगरहून जयपुरात आलो तेव्हा इथल्या सोडाला भागात दुसऱ्याच्या दुकानापुढे हातगाडी लावून दोर आणि पुल्या विकायचो. आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे. चेन-पुली, जॅक, ट्रॉली, ओझं उचलायचं जे म्हणाल ते. भाव करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. मोहिते मात्र भाव करतच नाहीत, आणि अशा माणसापुढे माझं काही चालत नाही. त्यांच्यामुळे माझा एक मोठा सौदा मोडला. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मालतीवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेरी त्यांनी कधी पतंगाला हात लावला नव्हता, पण इथल्या पहिल्याच संक्रांतीला त्यांना वेड लागलं. संक्रांतीला इथे अख्खं शहर गच्चीवर असतं. गाणी लावलेली, फीणी नावाची इथली शेवयांसारखी मिठाई आणि तिळाचे लाडू फिरतायत, आणि कुणाचा पतंग कापला की चहूकडून 'वो काटा' असा गलका. तिळगूळ वाटून झाला की वहिनी पदर खोचायच्या आणि संध्याकाळपर्यंत पलीकडच्या ब्लॉकमधल्या भल्याभल्यांना रडवायच्या. मग त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. बिल्डिंगला लिफ्ट नाही, गच्चीचा जिना अरुंद, मध्ये काटकोनात वळण. त्यानंतरच्या संक्रांती त्यांनी खाटेवर पडून, छताकडे बघत, वरच्या लोकांची पावलं ऐकत काढल्या.

आम्ही बिल्डिंगमधली माणसं म्हणालो, खुर्चीत बसवून नेऊ, चौघं आहोत. वहिनी म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ यायची आहे अजून. ती आली की उचला."

नवऱ्याने उचललेलं त्यांना चाललं असतं, पण सुभेदारांची कंबर फौजेतच गेली होती आणि गुडघे त्यानंतर. या संक्रांतीला वहिनींना गच्चीवर न्यायचं, आणि परका हात न लागता न्यायचं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात होती. दुसरं काही बोलायचेच नाहीत.

त्याच सुमारास माझ्याकडे तो सांगाडा आला. इंग्रजीत त्याला एक्झोस्केलेटन म्हणतात, माझ्या दुकानातली माणसं पिंजरा म्हणतात. अंगावर चढवायचं यंत्र. कमरेला रुंद पट्टा आणि बॅटरीची पेटी, मांड्यांना नि पिंढऱ्यांना पट्टे, गुडघ्यांपाशी मोटरी, पाठीवर धातूचा कणा आणि त्याला जोडलेले दोन धातूचे हात. घालणाऱ्याने वाकायचं, हात ओझ्याखाली सरकवायचे, बाकीचं यंत्र बघतं. संगमरवराच्या गोदामांत लाद्या उचलून माणसांच्या पाठी मोडतात. तिथे हा खपेल असा माझा हिशेब होता. सांगानेरकडचा एक गोदामवाला गळाला लागलाही होता.

सुभेदारांनी येऊन सरळ विचारलं, "शेठ, हा माणूस उचलतो का?"

मी म्हटलं, लादी उचलतो, तिथे माणूस काय चीज आहे. संक्रांतीपर्यंत फुकट वापरा, फक्त पास झाला हे चार लोकांत सांगा. या भागात सुभेदारांनी पास केलेली बादलीसुद्धा लोक डोळे मिटून घेतात. मला तेवढंच हवं होतं.

"पास झाला तर सांगेन," ते म्हणाले. त्या 'तर'कडे मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगाडा घालून भाजी आणायला गेले. कॉलनीतली कुत्री फाटकापर्यंत पोचवायला गेली. चौकीदाराने उठून सलाम ठोकला. इतक्या वर्षांत त्याने कुणाला ठोकलेला मी पाहिला नव्हता. भाजीवाल्याने विचारलं, "बाबूजी, पैर में चोट लगी क्या?" सुभेदार म्हणाले, "नहीं भैया, टेस्टिंग चल रही है," आणि बटाट्याचं अख्खं पोतं उचलून त्याच्या गाड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. मग परत पहिल्या टोकाला. भाजीवाला खूश होता. चहाच्या टपरीवर मात्र त्यांना बसता येईना. बाकडं बुटकं, आणि सांगाड्याचा गुडघा तेवढा वाकत नाही. त्यांनी उभ्याने चहा घेतला आणि मला फोन करून कळवलं, खाली बसण्यात कच्चा आहे.

जूनमधल्या उन्हात यंत्र कसं चालेल याची चाचणी जानेवारीत कशी घ्यायची? सुभेदार सांगाडा घालून, वर दोन रजया पांघरून, हीटरपुढे उभे राहिले. वहिनी खाटेवरून मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना जरा उलटवा, एका बाजूनं भाजून झालेत."

पण खरी चाचणी जिन्यातली. त्यांनी वहिनींच्या वजनाएवढी वाळू पोत्यात भरली, त्यावर वहिनींची जुनी साडी गुंडाळली आणि साडीखाली सगळीकडून उडदाचे कच्चे पापड बांधले. मग सांगाड्याच्या हातांवर ते पोतं आडवं घेऊन गच्चीचा जिना चढायचा, वर साडी सोडायची आणि पापड बघायचे. मी म्हटलं, सुभेदार, हे काय? ते म्हणाले, "पापड मोडला म्हणजे बरगडी मोडली, शेठ. ती बोलणार नाही. डाव्या बाजूला तिला कळतच नाही दुखलेलं."

पापड रोज मोडत होते. वळणावर धातूचं कोपर भिंतीला लागायचं आणि धक्का आत पोत्याला बसायचा. हातांवर गोधडी गुंडाळली, तरी तेच. सांगाड्याला ओझं उचलता येतं. ओझ्याला कुठे खुपतंय हे त्याला कळत नाही. आठवडाभर आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी पापडांचा चुरा खाल्ला जात होता. शेवटी सुभेदारांनी पाना घेतला आणि सांगाड्याचे दोन्ही हात उतरवले. माझ्या सांगाड्याचे. मला न विचारता. आता कंबर आणि पाय यंत्राचे, हात स्वतःचे. त्या दिवशी पापड शाबूत राहिले.

ही आनंदाची बातमी द्यायला ते सोडाल्याला आले. ई-रिक्षात बसता येईना, म्हणून एका टेम्पोच्या मागे उभे राहून आले. पायांत सांगाडा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन हात. नेमका तेव्हाच तो गोदामवाला माझ्यासमोर बसला होता. हात अजून मिळवायचे बाकी, पण भाव ठरलेला.

सुभेदारांनी हात गल्ल्यावर ठेवले. "हात रिजेक्ट. पाय पास."

गोदामवाल्याला हातच हवे होते. त्याने विचारलं, मतलब? मग सुभेदारांनी त्याला सगळं सांगितलं. अरुंद जागेत वळत नाही, खाली बसता येत नाही, पेटी तापते, उन्हाळ्यात दुपारी तुमचा माणूस हा अंगावर ठेवणार नाही, आणि पट्टे मागे असल्याने एकट्याला काढायला अर्धा तास जातो. शब्द न् शब्द खरा होता. गोदामवाला चहा अर्धा टाकून उठला.

मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, "मी तुम्हाला पास करायला दिला होता, पंचनामा करायला नाही. आत्ताच्या आत्ता उतरवा."

"बोली संक्रांतीपर्यंतची आहे, शेठ."

बोली म्हणजे बोली. धंद्यात मी शब्द फिरवत नाही, आणि हे त्यांना माहीत होतं. मी संक्रांतीची वाट बघू लागलो.

संक्रांतीला ऊन कललं तसा मी त्यांच्या घरी गेलो. काय काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. दार उघडं होतं, खाट रिकामी होती. मी गच्चीवर गेलो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, शाल पांघरून. मांजाची चरखी मांडीवर, उजव्या हाताचं बोट दोऱ्यावर. सुभेदार सांगाड्याच्या पायांवर खांबासारखे उभे राहून पतंग उडवत होते, आणि वहिनी त्यांना झापत होत्या. "अहो, कणीक मळताय का? ढील द्या. ढील." बिल्डिंगमधल्या बायका लांबून बघत होत्या, जवळ कुणी जात नव्हतं. मी कधी सुभेदारांना एवढं मुकाट्यानं ऐकताना पाहिलं नव्हतं.

मी जवळ जाऊन म्हटलं, बोली संपली. ते म्हणाले, न्या. लगेच, एका शब्दात. मग मलाच प्रश्न पडला, की वहिनींना खाली कसं नेणार. ते विचारल्यावर सुभेदारांनी दोरा वहिनींच्या हातात दिला आणि मला कठड्यापाशी नेलं.

"हातात ओझं घेऊन उतरताना हा चालणार नाही," ते हळूच म्हणाले. "उतरताना गुडघा सैल पडावा लागतो, हा ताठ धरतो. आणि हातात ती असली की पायरी दिसत नाही."

"टेस्ट घेतलीत?"

"नाही."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"घेतली असती तर रिजेक्ट करावा लागला असता," ते म्हणाले. "मग तिला वर कसं आणलं असतं?"

घोळवून ठेवलेलं सगळं सोडून मी जिन्याकडे बघू लागलो. वहिनींचे कान शाबूत आहेत, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. त्या आभाळातून नजर न काढता म्हणाल्या, "भाऊजी, हा पिवळा कापला की निघू. खुर्चीचा भार तुम्ही मागून घ्या, हे पुढून नुसता हात लावतील. तोवर ते लोखंड काढा यांच्या अंगावरचं."

सुभेदार माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी पिंढऱ्यांचे पट्टे सोडले, मांड्यांचे सोडले. कमरेचा पट्टा सोडला तसा शर्ट वर सरकला. दोन्ही बाजूंना, पट्टा बसायचा तिथे, कातडी सोलवटून निघाली होती. जुन्या खपल्या, आणि त्यांवर त्या दिवशीचं ओलं रक्त. दुकानात त्यांनी हातांचा दोष सांगितला, गुडघ्याचा सांगितला, पेटीचा सांगितला. हा सांगितला नव्हता.

"सुभेदार, हे..."

"हळू," ते पुटपुटले. "तिला कळलं तर पुढच्या वर्षी यायची नाही."

"काय हो झालं?" वहिनींनी विचारलं. "एवढा वेळ कशाला लागतोय?"

सुभेदारांनी तोंड उघडलं, पण त्यांना खोटं सुचेना. जन्मभर सवय नाही.

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "बकल अडकलंय. आमचा मालच तसला आहे."